पॉल रोबसन : एका नटाचे देशांतर

देश सोडून गेलेल्या कलावंताविषयी आपल्याकडे दोन तऱ्हांनी बोलले जाते. तो आपल्या माणसांना पाठ दाखवून गेला, असे एक जण म्हणतो. तिकडे जाऊन त्याने केवढे नाव काढले, असे दुसरा म्हणतो. या दोन्ही बोलण्यांत खरे प्रश्न सुटून जातात. त्याला जावे का लागले? जिथे गेला तिथे त्याच्या वाट्याला कोणती भूमिका आली? आणि परतीची वाट त्याच्या स्वतःच्या हातात राहिली का?

हे प्रश्न मला ग्रंथालयात सुचलेले नाहीत. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या कॉलेजात शिकत असताना स्नेहसंमेलनासाठी एकांकिका बसवली जात होती. माझा आवाज खणखणीत म्हणून मला घेतले. भूमिका मिळाली ती वाड्यावरच्या गड्याची. हा गडी दारू पितो, लाथा खातो, विनोद करतो आणि शेवटी मालकासाठी जीव द्यायला निघतो. प्रेक्षक पोट धरून हसले. मला अभिनयाचे बक्षीस मिळाले. वडील गावाहून आले होते, मागे भिंतीला टेकून उभे होते. परतताना एस.टी.त ते बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, "केलंस चांगलं. पर आपल्यात असं कोण वागतं रं?"

या घटनेला वर्षे लोटली. मी इतिहासाचा प्राध्यापक झालो. वसाहतवादावर शिकवण्यासाठी जुने चित्रपट पाहत असताना १९३५ सालचा 'सँडर्स ऑफ द रिव्हर' हा इंग्रजी चित्रपट समोर आला. त्यात उंचापुरा, धिप्पाड, अलौकिक आवाजाचा एक काळा नट गोऱ्या साहेबाच्या निष्ठावंत सरदाराची भूमिका करत होता. तो पॉल रोबसन होता. ज्या माणसाचे नाव आपल्या चळवळीत गुलामीविरुद्धचा आवाज म्हणून घेतले जाते, तोच हा माणूस. मला एस.टी.तला वडिलांचा प्रश्न आठवला आणि मी रोबसन यांच्या आयुष्याचा मागोवा घ्यायला लागलो.

१

सुरुवात त्यांच्या वडिलांपासून केली पाहिजे, कारण या घराण्यातले पहिले स्थलांतर त्यांचे आहे. विल्यम ड्र्यू रोबसन नॉर्थ कॅरोलिनातल्या एका मळ्यावर गुलाम म्हणून जन्मले. आडनावसुद्धा मालकाच्या घराण्याचे. १८६० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते उत्तरेकडे पळाले. पुढे लिंकन विद्यापीठात शिकले आणि न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन गावात काळ्यांच्या चर्चचे पाद्री झाले. तिथे वीस वर्षे काढल्यावर १९०१ साली त्यांना पद सोडावे लागले. तेव्हा त्या शिकलेल्या माणसाने घोडागाडी घेतली आणि गावातल्या घरांच्या चुलींची राख वाहून नेण्याचे काम केले. धाकटा मुलगा पॉल याचा जन्म ९ एप्रिल १८९८ चा. तो पाच वर्षांचा असताना आई चुलीतल्या निखाऱ्याने भाजून गेली. मुलाने लहानपणी वडिलांना दोन रूपांत पाहिले. चर्चच्या व्यासपीठावर त्यांचा आवाज घुमत असे आणि दारात राखेचा ढीग असे. काम हलके झाले म्हणून माणूस हलका होत नाही, हा धडा तिथला आहे.

१९१५ साली पॉल शिष्यवृत्ती मिळवून रटगर्स कॉलेजात गेले. त्या संस्थेच्या इतिहासातले ते तिसरेच कृष्णवर्णी विद्यार्थी. फुटबॉलच्या सरावात स्वतःच्याच संघातल्या गोऱ्या मुलांनी त्यांचे नाक फोडले, हात बुटाखाली तुडवला. ते मैदान सोडून गेले नाहीत. १९१७ आणि १९१८ या दोन्ही वर्षी ते देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत आले. तरीही १९१६ साली दक्षिणेकडच्या एका संघाने काळ्याविरुद्ध खेळायला नकार दिला, तेव्हा त्यांच्याच कॉलेजने त्यांना बाहेर बसवले. पाहुण्यांचा धर्म बाटू नये म्हणून आपला माणूस पंगतीतून उठवायचा, हा प्रकार आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे १९२० ते १९२३ या काळात रोबसन यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले. हेच ते विद्यापीठ, जिथे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले. रोबसन कोलंबियात कायदा वाचत होते, नेमक्या त्या वर्षांत बाबासाहेब लंडनमध्ये अर्थशास्त्राचा प्रबंध लिहीत होते आणि बॅरिस्टर होत होते. दोघांच्याही पदवीला पुढे समाजाने काय किंमत दिली, तेही पाहण्यासारखे आहे. कोलंबियातून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. नाव बदलून ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले, तिथून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने हाकलले. रोबसन वकिलीच्या कचेरीत रुजू झाले, तेव्हा तिथल्या गोऱ्या लघुलेखिकेने काळ्या माणसाने सांगितलेला मजकूर उतरवून घ्यायला नकार दिला. त्यांनी वकिली सोडली. जातीचे आणि वर्णाचे दार पदवीच्या किल्लीने उघडत नाही, हे दोघांनाही एकाच वयात कळले.

२

रोबसन रंगभूमीकडे वळले ते असे. त्यांची पत्नी एस्लांडा ही रसायनशास्त्र शिकलेली, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करणारी करारी बाई. नवऱ्याच्या अंगातला नट तिने आधी ओळखला. १९२४ साली यूजीन ओनील यांच्या 'ऑल गॉड्स चिलन गॉट विंग्ज' या नाटकात रोबसन यांना प्रमुख भूमिका मिळाली. काळा नवरा आणि गोरी बायको असा विषय. एका प्रसंगात गोरी नटी काळ्या नटाच्या हाताचे चुंबन घेते, एवढ्यावरून वर्तमानपत्रांनी दंगलीचे भाकीत केले, धमक्यांची पत्रे आली. नगर प्रशासनाने पहिल्या प्रवेशातल्या लहान मुलांना रंगमंचावर येण्याची परवानगी नाकारली. तो प्रवेश दिग्दर्शकाने वाचून दाखवला आणि नाटक पुढे सुरू झाले.

१९२५ साली दोन गोष्टी घडल्या. ऑस्कर मिशो या कृष्णवर्णी दिग्दर्शकाने रोबसन यांना 'बॉडी अँड सोल' या मूकपटात दुहेरी भूमिका दिली. एक भूमिका ढोंगी धर्मोपदेशकाची, दुसरी त्याच्या सरळमार्गी भावाची. मिशो आपले चित्रपट स्वतः लिहीत, त्यांच्यासाठी पैसा उभा करत आणि काळ्यांच्या वस्तीतल्या चित्रपटगृहांत ते दाखवत. रोबसन यांच्या उभ्या कारकिर्दीत काळ्या दिग्दर्शकाने केलेला चित्रपट हा एवढाच. पुढचे सगळे कॅमेरे गोऱ्यांच्या हातात होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

दुसरी गोष्ट गाण्याची. एप्रिल १९२५ मध्ये लॉरेन्स ब्राऊन या पियानोवादकाबरोबर रोबसन यांनी न्यूयॉर्कमध्ये एक मैफल केली. तिच्यात फक्त आपल्या लोकांची गाणी होती. गुलामांनी कापसाच्या मळ्यांत आणि रात्रीच्या प्रार्थनेत रचलेली भक्तिगीते, कामाची गाणी. शिकून वर आलेल्या अनेक काळ्यांना ही गाणी नकोशी वाटत. त्यांत गुलामीचा वास येतो, असे त्यांना वाटे. रोबसन यांनी ती युरोपीय संगीताच्या बरोबरीने, पूर्ण पोशाखात, मान ताठ ठेवून गायली.

इथे मला थांबून आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझे आजोबा हलगी वाजवत. गावातल्या प्रत्येक वरातीपुढे वाजवायचे आणि जेवणाच्या वेळी लांब बसायचे. चळवळीची वाणी वस्तीत पोहोचली, तेव्हा त्यांनी हलगी माळ्यावर टाकली आणि पुन्हा कधी हात लावला नाही. त्यांचा निर्णय योग्य होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. गावकीची हलगी ही कला नव्हती, ती सक्ती होती. पण सक्ती गेली, तेव्हा तिच्याबरोबर ताल का जावा? जे वाजवणे मालकाच्या दारात लाचारीचे होते, ते आपल्या सभेत आपल्या अटीवर का होऊ नये? आपल्या जलशांनी आणि शाहिरांनी हेच तर केले. रोबसन यांनी गुलामांची गाणी मैफलीत नेली, तेव्हा त्यांनी ती मालकाच्या दारातून सोडवली.

३

१९२५ मध्ये ओनील यांचेच 'द एम्परर जोन्स' घेऊन ते लंडनला गेले. तिथे त्यांना मोकळा श्वास घेता आला. १९२८ साली ड्रुरी लेन थिएटरात 'शो बोट' ही संगीतिका गाजली आणि रोबसन कुटुंबाने लंडनला बिऱ्हाड केले. १९३९ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षे, ते घर लंडनमध्ये होते. अमेरिकेत ज्या हॉटेलात गायचे त्याच हॉटेलात जेवायला बंदी, ज्या गावात टाळ्या मिळायच्या त्याच गावात झोपायला जागा नाही. इंग्लंडमध्ये हे रोजचे काटे कमी झाले.

कमी झाले, पण संपले नाहीत. ऑक्टोबर १९२९ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलाच्या भोजनगृहात काळे म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्यांनी गप्प न बसता ते जाहीर केले आणि प्रकरण पार्लमेंटच्या सभागृहापर्यंत पोहोचले. पुढच्याच वर्षी, मे १९३० मध्ये, त्याच सॅव्हॉयच्या थिएटरात ते ऑथेल्लो म्हणून उभे राहिले. डेस्डिमोना होती पेगी ॲशक्रॉफ्ट.

या भूमिकेमागे एक जुने देशांतर आहे. आयरा ऑल्ड्रिज हा १८०७ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला कृष्णवर्णी नट सतराव्या वर्षाच्या आसपास इंग्लंडला गेला, कारण अमेरिकेत काळ्याला शेक्सपिअर करू देत नव्हते. १८३३ साली कॉव्हेंट गार्डनला त्याने ऑथेल्लो केला, तेव्हा लंडनच्या पत्रांनी त्याच्या रंगावर विष ओकले. दोन प्रयोगांत तिथला मुक्काम संपला. मग तो गावोगाव फिरला, युरोपभर फिरला, राजेरजवाड्यांनी त्याला पदके दिली, आणि १८६७ साली पोलंडमधल्या वूच शहरात दौऱ्यावर असतानाच वारला. न्यूयॉर्कला तो पुन्हा कधी परतला नाही. याच ऑल्ड्रिजची मुलगी अमांडा हिने लंडनमध्ये रोबसन यांना शब्दोच्चाराचे धडे दिले. इतिहासात असा धागा क्वचित सापडतो. एका देशोधडीला लागलेल्या नटाच्या मुलीने दुसऱ्या देशांतरित नटाची जीभ तयार केली.

बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला आले तेही १९३० सालीच. एका वर्षात, एका शहरात, एक जण साम्राज्याच्या टेबलावर अस्पृश्यांची मागणी मांडत होता आणि दुसरा साम्राज्याच्या सर्वांत मोठ्या नाटककाराचा काळा नायक पहिल्यांदा आपल्या पिढीला काळ्या अंगाने दाखवत होता.

४

आता मूळ प्रश्नाकडे येतो. लंडनने रोबसन यांना घर दिले, मान दिला, पैसा दिला. भूमिका कोणत्या दिल्या?

लंडनमध्ये त्यांना आफ्रिका सापडली होती. ते पौर्वात्य विद्यांच्या विद्यालयात आफ्रिकी भाषा शिकत होते, पश्चिम आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांमध्ये वावरत होते. माझ्या लोकांची संस्कृती हीन नाही, ती प्राचीन आणि समृद्ध आहे, ही जाणीव त्यांना तिथे झाली. अशा वेळी झोल्टान आणि अलेक्झांडर कोर्डा या बंधूंनी 'सँडर्स ऑफ द रिव्हर'चा प्रस्ताव आणला. त्यांच्या पथकाने आफ्रिकेत जाऊन खरी नृत्ये, खरे संगीत चित्रित करून आणले होते. ते ऐकून रोबसन हरखले. पडद्यावर प्रथमच खरी आफ्रिका दिसेल, या आशेने त्यांनी बोसांबो या सरदाराची भूमिका घेतली. शेपर्टनच्या स्टुडिओत आफ्रिकी गाव उभारले गेले. बंदरांतल्या काळ्या मजुरांना जमावात उभे केले. त्या जमावात जोमो केन्याटाही होते, जे पुढे स्वतंत्र केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

तयार चित्रपट समोर आला तो ब्रिटिश अधिकाऱ्यांचे स्तोत्र होऊन. साहेब आहे तोवर शांतता, साहेब गेला की रक्तपात, आणि बोसांबो हा त्या साहेबाचा इमानी पाईक. नृत्ये तीच, गाणी तीच, माणसे तीच. त्यांचा अर्थ जोडणी करणाऱ्या टेबलावर बदलला होता. मार्कस गार्व्ही यांनी रोबसन यांच्यावर कडक टीका केली. पुढे रोबसन यांनी स्वतःच या चित्रपटाशी नाते तोडले. त्यांची फसवणूक झाली हे खरे. पण त्यांनी ती सबब पुढे केली नाही, हे जास्त महत्त्वाचे. पुढच्या 'साँग ऑफ फ्रीडम' (१९३६) या चित्रपटाच्या करारात त्यांनी अंतिम प्रतीला आपली मान्यता लागेल अशी अट घातली. लंडनच्या गोदीतला काळा मजूर गायक होतो आणि आफ्रिकेतले आपले मूळ शोधतो, अशी ती कथा होती. त्याच वर्षी सी. एल. आर. जेम्स यांनी लिहिलेल्या नाटकात त्यांनी तूसाँ लूव्हेर्त्यूर याची भूमिका केली. हैतीच्या गुलामांच्या यशस्वी बंडाचा तो नेता. लेखक काळा, नायक काळा, नट काळा. त्याचे मोजकेच प्रयोग झाले. बोसांबोला जगभरची चित्रपटगृहे मिळाली, तूसाँला मिळाली नाहीत. बाजाराने दिलेले हे उत्तर आपणही ओळखतो. आपल्या पडद्यावर दयेस पात्र दलित अनेक वर्षे चालला, बंड करणाऱ्या दलिताला मात्र वाट पाहावी लागली.

५

रोबसन यांना लंडनमधले खरे घर सापडले ते रस्त्यावर. १९२९ च्या हिवाळ्यात वेल्समधले बेकार खाणकामगार पायी चालत लंडनला आले होते आणि रस्त्यातून गात जात होते. रोबसन त्यांच्यात सामील झाले, त्यांच्याबरोबर चालले आणि त्यांच्यासाठी गायले. हे नाते शेवटपर्यंत टिकले. कोळशाने काळ्या झालेल्या गोऱ्या माणसांत त्यांना आपल्या वडिलांची राख दिसली असेल, असे मला वाटते.

१९३७ साली स्पेनमधल्या फॅसिस्टविरोधी लढ्यासाठी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये सभा झाली. कलावंताने स्वातंत्र्य आणि गुलामी यांतले एक निवडलेच पाहिजे, आपण निवड केली आहे, असे रोबसन यांनी तिथे सांगितले. जानेवारी १९३८ मध्ये ते युद्धभूमीवर जाऊन सैनिकांपुढे गायले. १९३८ मध्येच मोठ्या रंगमंचांची आमंत्रणे बाजूला ठेवून ते कामगारांच्या युनिटी थिएटरात बिनपैशाने एका संपाच्या नाटकात उभे राहिले. त्याच वर्षी पंडित नेहरू लंडनला आले, तेव्हा त्यांच्या स्वागताच्या सभेत रोबसन हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी बोलले. 'शो बोट'मधल्या ज्या गाण्याने त्यांना प्रसिद्धी दिली, त्याचे शब्दही त्यांनी या काळात बदलले. मूळ गाण्याचा शेवट थकव्याचा आणि शरणागतीचा होता. रोबसन यांनी तो लढत राहण्याच्या निर्धाराचा केला. गाणे गोऱ्यांनी लिहिलेले होते, काळ्या गायकाने ते दुरुस्त केले. पुढे कोलंबियात शिकायला गेलेल्या भूपेन हजारिका यांनी रोबसन यांच्याकडून हीच नदी उचलली आणि ब्रह्मपुत्रेच्या काठावर आणली.

या वळणावर 'द प्राउड व्हॅली' (१९४०) हा चित्रपट आला. वेल्सच्या खाणीत काम मागायला आलेला एक काळा मजूर, त्याच्या आवाजामुळे गावाच्या गायकवृंदात त्याला मिळालेली जागा आणि कामगारांचा एकोपा. रोबसन यांना आपल्या सगळ्या चित्रपटांत हा अधिक जवळचा होता. यातही शेवटी काळा नायकच इतरांना वाचवण्यासाठी जीव देतो. पहिल्यांदा पाहताना मला माझा तो गडी आठवला. दुसऱ्यांदा पाहिल्यावर फरक कळला. गडी मालकासाठी मरतो, हा डेव्हिड सोबत्यांसाठी मरतो. फरक मोठा आहे. तरीही मनात प्रश्न राहतोच की दर वेळी मरायचे आपणच का? या प्रश्नाला रोबसन यांच्या काळातल्या चित्रपटाने उत्तर दिले नाही.

६

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि ऑक्टोबरात रोबसन अमेरिकेला परतले. इंग्लंडमध्ये सुखाने राहता आले असते. ऑल्ड्रिज राहिला होता. रोबसन परतले, कारण वेल्सच्या खाणकामगाराने आपल्या गावात उभे राहून लढावे तसे आपण आपल्या लोकांत उभे राहिले पाहिजे, हे त्यांना परदेशात कळले होते. १९४२ साली हॉलिवूडच्या 'टेल्स ऑफ मॅनहॅटन'मध्ये काळ्या शेतमजुरांचे भाबडे, हास्यास्पद चित्रण झाले. तेव्हा त्यांनी आपल्याच चित्रपटाचा निषेध केला आणि हॉलिवूडला रामराम ठोकला. ऑक्टोबर १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्यांचा ऑथेल्लो आला. त्याचे २९६ प्रयोग झाले. ब्रॉडवेवर शेक्सपिअरचे नाटक सलग इतके चालल्याचे दुसरे उदाहरण नाही. दौऱ्यात, जिथे काळ्या-गोऱ्या प्रेक्षकांना वेगळे बसवतात तिथे प्रयोग करणार नाही, ही त्यांची अट होती.

हा माणूस गोड गाऊन गप्प बसला असता, तर त्याची मिरवणूक निघाली असती. तो झुंडहत्यांविरुद्ध राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना तोंडावर सुनावून आला, आफ्रिकेच्या स्वातंत्र्यासाठी उभा राहिला. १९४९ साली पॅरिसच्या शांतता परिषदेतले त्याचे भाषण मोडतोड करून छापले गेले. त्याच वर्षी पीकस्किल येथे त्याच्या मैफलीसाठी जमलेल्या लोकांवर दगडांचा वर्षाव झाला, शंभराहून अधिक माणसे जखमी झाली. १९५० साली सरकारने त्याचा पासपोर्ट रद्द केला. आपल्या देशातल्या काळ्यांच्या स्थितीविषयी हा माणूस परदेशात बोलतो आणि आफ्रिकेच्या स्वातंत्र्यासाठी काम करतो, ही कारणे सरकारने न्यायालयातही लपवली नाहीत. मैफली रद्द झाल्या, सभागृहांची दारे लागली, वर्षाला लाख डॉलरच्या घरात असलेली मिळकत काही हजारांवर आली. गुलाम पळू नये म्हणून एके काळी मळ्याभोवती पहारा असे. पळालेल्या गुलामाच्या मुलासाठी तोच पहारा देशाच्या सरहद्दीवर बसला.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींना 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे नाव दिले आहे. स्वतःच्या देशात फिरायलाही ज्याला परवाना लागतो, त्या माणसाचे ते नाव आहे. रोबसन आठ वर्षे पासपोर्टची वाट पाहत होते. मे १९५२ मध्ये त्यांनी कॅनडाच्या सरहद्दीवर, अमेरिकेच्या बाजूला ट्रक उभा करून गाणे म्हटले. पलीकडे कॅनडातले हजारो लोक ऐकत उभे होते. १९५७ साली अटलांटिकखालून गेलेल्या टेलिफोनच्या तारेवरून ते लंडनच्या श्रोत्यांसाठी आणि मग वेल्सच्या खाणकामगारांसाठी गायले. शरीर अडवता आले, आवाज अडवता आला नाही.

या काळातला आणखी एक धागा आपल्याशी जुळतो. १९४६ साली अमेरिकी काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे वाचून बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांच्या प्रश्नासाठीही असाच मार्ग घेण्याचा विचार त्यामागे होता. डिसेंबर १९५१ मध्ये काळ्यांच्या हत्याकांडाचा जाब विचारणारा दुसरा अर्ज न्यूयॉर्कमध्ये राष्ट्रसंघाला सादर झाला. तो नेऊन देणारे होते पॉल रोबसन.

जून १९५६ मध्ये संसदीय चौकशी समितीने त्यांना विचारले की रशिया इतका आवडतो तर तिथेच का राहिला नाहीत? त्यांनी सांगितले की माझे वडील गुलाम होते, हा देश उभारण्यात माझी माणसे मेली, म्हणून मी इथेच राहणार आणि तुमच्याइतकाच माझाही वाटा घेणार. 'नको असेल तर जा' असे ज्या ज्या समाजाला ऐकवले जाते, त्या सगळ्यांच्या वतीने दिलेले हे उत्तर आहे.

७

रोबसन यांची आरती ओवाळणे हा या लेखाचा हेतू नाही. त्यांची एक चूक नोंदवली पाहिजे. १९३४ साली ते पहिल्यांदा सोव्हिएत संघात गेले. तिथे रंगावरून कोणी हिणवले नाही, म्हणून त्या देशाविषयी त्यांच्या मनात कृतज्ञता राहिली. १९४९ साली मॉस्कोत त्यांचा मित्र, यिद्दिश कवी इत्झिक फेफर, तुरुंगातून त्यांच्या भेटीला आणला गेला. प्रकार काय आहे हे रोबसन यांना कळले. त्यांनी त्या रात्री मैफलीत वॉर्सा वस्तीतल्या यहुद्यांच्या लढ्याचे गाणे यिद्दिशमध्ये गायले. त्याला धैर्य लागले. पण अमेरिकेत परतल्यावर या दडपशाहीविषयी ते जाहीरपणे बोलले नाहीत. फेफरला ऑगस्ट १९५२ मध्ये ठार करण्यात आले. त्याच वर्षाअखेर रोबसन यांना स्टालिन पारितोषिक जाहीर झाले आणि त्यांनी ते स्वीकारले. शत्रूच्या हातात कोलीत नको, म्हणून आपल्या बाजूच्या अन्यायावर मौन पाळायचे, ही चूक चळवळींत वारंवार होते. आपल्या संघटनांतही होते. ज्याने आम्हाला माणूस म्हणून वागवले त्याच्याशी कृतज्ञ असावे. पण तो दुसऱ्याला माणूस म्हणून वागवतो का, हे विचारायचे थांबू नये.

८

१९५८ साली त्यांची साठी आली. भारतात ती साजरी झाली, नेहरूंनी त्यांचा गौरव केला आणि अमेरिकी सरकारला ते रुचले नाही. त्याच जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात प्रवासाचा हक्क उचलून धरला आणि रोबसन यांना पासपोर्ट परत मिळाला. ते पुन्हा लंडनला गेले. १९५९ साली शेक्सपिअरच्या जन्मगावी, स्ट्रॅटफर्डला, त्यांनी ऑथेल्लो केला. वय ६१. पण आठ वर्षांनी आतून खूप काही कुरतडले होते. १९६१ मध्ये मॉस्कोत त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. लंडनच्या इस्पितळात विजेचे झटके दिले गेले. १९६३ च्या अखेरीस ते अमेरिकेला परतले आणि २३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फियात वारले.

या आयुष्यातून मी काय घेतले? गाव सोडा, असे बाबासाहेबांनी आपल्याला सांगितले आणि आपण सोडले. त्या सोडण्याची लाज वाटण्याचे कारण नाही. विल्यम रोबसन पळाले नसते तर पॉल झाला नसता. पण शहराने दिलेली खोली, नोकरी आणि टाळी म्हणजे मुक्ती, असे मानले की आपण बोसांबो होतो. आज आपली मुले पुण्या-मुंबईपलीकडे लंडनला, न्यूयॉर्कला शिकायला जात आहेत. त्यांनी जावे. आफ्रिका रोबसन यांना लंडनमध्ये सापडली, तशी त्यांना आपली वस्तीही कदाचित तिकडे अधिक स्पष्ट दिसेल. तिथे मिळणाऱ्या भूमिकेचा मजकूर कोणी लिहिला आहे, हे त्यांनी पाहावे, आणि अंतिम प्रतीला आपली मान्यता लागेल अशी अट घालायला शिकावे.

यंदा आमच्या कॉलेजच्या संमेलनात मुलांनी स्वतः लिहिलेली एकांकिका आहे. तिच्यातही एक गडी आहे. लिहिणाऱ्या मुलीची आई चार घरची धुणीभांडी करते. त्यामुळे तो गडी कधी हसतो, कधी चिडतो आणि घरी जाऊन काय बोलतो, हे तिला कोणाला विचारावे लागले नाही. वरातीच्या प्रसंगाला ताल हवा म्हणून मी आजोबांची हलगी माळ्यावरून काढली. कातडे फाटले आहे, कडे शाबूत आहे. नवे कातडे चढवायला दिले आहे. वडील प्रयोगाला येतो म्हणाले आहेत. या वेळी त्यांना पुढच्या रांगेत बसवणार आहे.